ताग मोजणारा प्रोफेसर आणि आपल्या ऑनलाइन फॉर्ममधले खोटे प्रतिसाद

मागच्या वर्षी मी आणि माझ्या वर्गातल्या दोघांनी मिळून एक ऑनलाइन सर्व्हे केला. विषय साधा होता: आमच्या तालुक्याच्या कॉलेजात आजूबाजूच्या गावांतून येणाऱ्या मुलामुलींचा रोजचा प्रवास. किती किलोमीटर, किती वेळ, किती भाडं, आणि या प्रवासापायी कॉलेज सोडावं असं कधी वाटलं का. निकाल प्राचार्यांसमोर ठेवायचा होता. सकाळची पहिली तासिका थोडी उशिरा घ्या अशी आमची मागणी होती आणि नुसत्या तक्रारीवर कुणी हलत नव्हतं.

प्रतिसाद मिळावेत म्हणून आम्ही खिशातून प्रत्येकी २० रुपयांचं रिचार्ज जाहीर केलं. तिथेच माती खाल्ली. कुणीतरी ती लिंक 'घरबसल्या कमवा' छापाच्या एका ग्रुपवर टाकली. रात्री झोपताना ७० प्रतिसाद होते, सकाळी उठून बघतो तर ४०० च्या वर. त्यात आमच्या जिल्ह्यात नसलेली गावं होती, एकाच मिनिटात आलेले नऊ फॉर्म होते. पण सगळेच इतके उघड खोटे नव्हते. बरेचसे अगदी खरे वाटावेत असे होते, आणि खरी गोम तिथेच होती.

संख्याशास्त्राच्या मॅडमना दाखवलं तर त्यांनी एकच गोष्ट सुचवली: महालनोबिस अंतर काढून बघा. मला आधी वाटलं हे कुणा ग्रीक माणसाचं नाव असेल. शोधलं तर निघाले कोलकात्याचे बंगाली प्रोफेसर, जन्म १८९३. मोबाइल नाही, इंटरनेट नाही, त्या काळातला माणूस. आणि खोट्या माहितीशी त्यांनी जेवढी झुंज दिली, तेवढी आजच्या किती सर्व्हे कंपन्या देत असतील, शंकाच आहे. म्हणून आज टूल्सच्या यादीऐवजी या माणसाची गोष्ट सांगतो. टूल्स वाटेत येतीलच.

चुकलेली गाडी आणि जहाजावरची पुस्तकं

प्रशांतचंद्र महालनोबिस २९ जून १८९३ रोजी कोलकात्यात एका ब्राह्मो समाजी घरात जन्मले. प्रेसिडेन्सी कॉलेजात फिजिक्स शिकले, तिथे जगदीशचंद्र बोस आणि प्रफुल्लचंद्र राय यांच्यासारखे शिक्षक होते. १९१३ मध्ये ते इंग्लंडला गेले. जायचं होतं लंडनच्या विद्यापीठात, पण केंब्रिज बघायला गेले असताना परतीची गाडी चुकली. रात्री मित्राकडे राहावं लागलं आणि किंग्ज कॉलेज बघून तिथेच प्रवेश घ्यायचं ठरलं. केंब्रिजमध्ये रामानुजन यांच्याशी त्यांची चांगली ओळख झाली. दोघं फिरायला जायचे, गणिती कोडी सोडवायचे.

शिक्षण संपलं तोवर पहिलं महायुद्ध सुरू झालं होतं आणि भारतात परतायला उशीर होत होता. त्या रिकाम्या दिवसांत कॉलेजच्या एका ट्यूटरने त्यांना बायोमेट्रिका हे संख्याशास्त्राचं नियतकालिक दाखवलं. त्यांना ते इतकं आवडलं की आतापर्यंतचे सगळे खंड विकत घेतले आणि परतीच्या जहाजावर वाचत बसले. फिजिक्सचा प्रोफेसर संख्याशास्त्राकडे वळला तो असा. आपल्याकडे कुणी स्ट्रीम बदलली की घरी केवढा गोंधळ होतो. यांनी तर नोकरी फिजिक्सचीच ठेवली आणि काम दुसऱ्याच विषयाचं केलं.

नागपुरात मिळालेला डेटा

१९२० साली नागपूरला इंडियन सायन्स काँग्रेसचं अधिवेशन भरलं. तिथे प्राणिशास्त्रज्ञ नेल्सन अॅनन्डेल यांनी महालनोबिसांना कोलकात्यातल्या अँग्लो-इंडियन लोकांच्या शरीराची मापं सोपवली आणि त्यांचं विश्लेषण करायला सांगितलं. यातून १९२२ मध्ये त्यांचा संख्याशास्त्रावरचा पहिला निबंध आला. पण त्यांना एक प्रश्न सोडेना. दोन माणसं, किंवा दोन समूह, एकमेकांपासून किती वेगळे आहेत हे एकाच आकड्यात कसं सांगायचं? उंची वेगळी, डोक्याची लांबी वेगळी, नाकाची रुंदी वेगळी. नुसती बेरीज करून चालत नाही, कारण ही मापं एकमेकांशी बांधलेली असतात. उंच माणसाचे हातही बहुधा लांब असतात.

उत्तर १९३६ मध्ये छापून आलं, त्यालाच आज महालनोबिस अंतर म्हणतात. ते आमच्या फॉर्मवर लावून सांगतो. एका अक्षावर किलोमीटर घ्या, दुसऱ्यावर भाडं. सगळ्या प्रतिसादांचे ठिपके मांडले तर ते कागदावर कसेही विखुरत नाहीत. अंतर वाढलं की भाडंही वाढतं, म्हणून ठिपक्यांची एक तिरपी ठेवलेली काकडी तयार होते. आता एखाद्याने ४० किलोमीटर लिहिलं, तर त्यात काही वावगं नाही. दुसऱ्या कुणी भाडं १० रुपये लिहिलं, तेही ठीक. पण एकाच माणसाने ४० किलोमीटर आणि १० रुपये लिहिलं, तर त्याचा ठिपका काकडीच्या बाहेर पडतो. पट्टीने मोजलं तर तो मधल्या बिंदूपासून फार लांब नसेलही. महालनोबिसांचं सूत्र मात्र काकडीचा आकार आणि तिरपेपणा ध्यानात घेतं. काकडीच्या लांबीच्या दिशेने जरा जास्त गेलात तरी ते फारसं मनावर घेत नाही, पण आडवं थोडंसं सरकलात की लगेच ओरडतं. प्रश्न दोन असोत की वीस, सूत्र तेच. स्प्रेडशीटमध्ये जरा खटपट करावी लागते, पायथॉनमध्ये दोन-चार ओळींत होतं.

म्हणूनच ऑनलाइन सर्व्हेत न वाचता टिकमार्क करत सुटलेले लोक आणि कशीही बटणं दाबणारे साधे बॉट शोधायला संशोधक आजही हे सूत्र वापरतात. कवट्या आणि नाकं मोजताना सापडलेली गोष्ट बॉट पकडायला कामी येते, याची मला तरी मोठी गंमत वाटली.

याच दिवसांत त्यांनी आणखी एक काम केलं, ज्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. हर्बर्ट रिस्ले या इंग्रज अधिकाऱ्याने १८९१ साली बंगालमधल्या जाती-जमातींच्या मापांचे जाडजूड खंड छापले होते. सरकारी काम, मोठं नाव, त्यामुळे सगळे ते आकडे तसेच उचलत. महालनोबिसांनी मात्र ते परत तपासायला घेतले आणि एका मापाचा दुसऱ्या मापाशी मेळ लावत त्यातल्या नोंदींच्या चुका शोधून काढल्या. त्याची दुरुस्ती १९३३ मध्ये त्यांच्याच संख्या या नियतकालिकात आली. छापलंय म्हणून खरं मानायचं नाही, ही सवय त्यांना तेव्हापासूनची.

ताग, चिखल आणि दोन टोळ्या

१७ डिसेंबर १९३१ ला प्रेसिडेन्सी कॉलेजातल्या त्यांच्या खोलीतून इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट सुरू झाली. पहिल्या वर्षाचा खर्च अडीचशे रुपयांच्याही आत होता. नाव मोठं, खोली छोटी. पण १९३७ पासून त्यांच्याकडे एक अवाढव्य काम आलं. अख्ख्या बंगालमध्ये ताग किती एकरांवर पेरलाय ते मोजायचं.

हे का महत्त्वाचं? ताग म्हणजे तेव्हाच्या बंगालचं नगदी पीक. किती पीक येणार यावर भाव ठरायचा, आणि भावावर लाखो शेतकऱ्यांचं वर्ष. आपल्याकडे गावोगाव तलाठी असायचा, पीकपेऱ्याची नोंद करायचा. बंगालमध्ये कायमधाऱ्याची पद्धत असल्यामुळे तशी गावपातळीवरची यंत्रणाच नव्हती. आकडे म्हणजे बरेचसे अंदाज.

महालनोबिसांनी नकाशावर यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठी टाकून निघावेत तसे, ठिकाणं निवडली आणि फक्त तिथली जमीन मोजायला माणसं पाठवली. आता ती माणसं डोळ्यांसमोर आणा. पावसाळ्याचे दिवस, तागाच्या शेतात पाणी, गाव लांब, पगार बेताचा आणि वर बघायला कुणी नाही. एखादा झाडाखाली बसून आकडे भरत असेल तर कोलकात्यात बसलेल्याला कसं कळणार? तो शहाणा असेल तर वेडेवाकडे आकडे लिहिणारच नाही. शेजारच्या गावात जे निघालं, त्याच्या जवळपासचेच लिहील.

आमच्या फॉर्मचं दुखणं हेच होतं. हुशार खोटं उत्तर काकडीच्या बरोबर मधोमध बसतं. महालनोबिस अंतर तिथे जवळजवळ शून्य दाखवतं.

यावर त्यांनी जी युक्ती काढली ती मला त्यांच्या सूत्रापेक्षाही भारी वाटते. एकाच भागासाठी एक नमुना न घेता दोन घ्यायचे. दोन्ही तितकेच यादृच्छिक, एकमेकांत मिसळलेले, पण स्वतंत्र. एक नमुना एका टोळीकडे, दुसरा दुसऱ्या टोळीकडे. या टोळीला त्या टोळीचे आकडे दिसत नाहीत. दोघांनी इमानदारीने काम केलं असेल, तर दोन उत्तरांतला फरक नशिबाच्या फरकाएवढाच, म्हणजे थोडाच राहील. फरक त्याहून मोठा आला, तर कुठेतरी पाणी मुरतंय. कोण खोटं बोलतंय हे लगेच कळत नाही, पण कुठल्या भागात परत जाऊन बघायचं ते कळतं. आणि प्रत्येक टोळीला हेही ठाऊक असतं की आपल्यासारखंच काम आणखी कुणीतरी करतंय. झाडाखाली बसायचा मोह तिथेच अर्धा कमी होतो.

कल्पना तशी नवी नव्हती. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही गृहस्थाच्या वेषातले हेर गावात पाठवून शेतांची, घरांची आणि कुटुंबांची मोजदाद वेगळी पडताळायची व्यवस्था सांगितली आहे. महालनोबिसांनी तिला गणिताचा पाया दिला. आता किती फरक नशिबाचा आणि किती संशयाचा हे आकड्यात सांगता येऊ लागलं.

१९४१ च्या तागाच्या पिकाचं उदाहरण संख्याशास्त्रवाले आजही देतात. सरकारने एकेक शेत धरून पूर्ण मोजणी केली, तिचा आकडा आला सुमारे ६३ लाख गाठी. महालनोबिसांच्या नमुना पाहणीने सांगितलं सुमारे ७५ लाख. नंतर व्यापार आणि जकातीच्या नोंदींवरून प्रत्यक्ष आकडा कळला, तोही ७५ लाखांच्या थोडा वरच होता. संपूर्ण मोजणीपेक्षा नमुना पाहणीचा खर्च मात्र जवळपास दहाव्या हिश्श्याएवढा. हजारो माणसं घाईघाईने लावली की त्यांच्यावर नजर कोण ठेवणार? थोडी, शिकवलेली आणि एकमेकांना ताडणारी माणसं जास्त खरं सांगून गेली. प्रतिसादांचा आकडा मोठा दिसला की खूश होणाऱ्या सगळ्यांनी, आमच्यासकट, हा प्रसंग लक्षात ठेवायला हरकत नाही.

साताऱ्याच्या सुखात्म्यांशी वाद

पण महालनोबिस दरवेळी बरोबरच होते असं नाही. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे त्या काळातले दुसरे मोठे संख्याशास्त्रज्ञ. पीक कापणी प्रयोगात शेताचा किती तुकडा कापून वजन करायचं यावरून दोघांत जोरदार वाद झाला. महालनोबिस छोटा तुकडा घ्या म्हणत, म्हणजे कमी खर्चात जास्त ठिकाणी जाता येईल. सुखात्म्यांनी प्रयोग करून दाखवलं की तुकडा फार छोटा असेल तर काठावरची रोपं आत धरली जातात आणि उत्पन्न फुगतं. यात खोटेपणा कुणाचाच नसतो. हद्दीवरचं रोप आत की बाहेर, यात माणसाचा हात सहज आत झुकतो, एवढंच.

वाद आणखी एका गोष्टीवर होता. माहिती कुणी गोळा करायची? महालनोबिसांना स्वतः तयार केलेली वेगळी माणसं हवी होती. सुखात्मे म्हणत की महसूल आणि शेती खात्याची गावातली माणसं आहेतच, त्यांना शिकवा आणि त्यांच्याकडूनच करून घ्या. मला स्वतःला वाटतं की तुकड्याच्या आकाराबाबत सुखात्म्यांचं पारडं जड होतं, आणि एकमेकांना ताडणाऱ्या टोळ्यांच्या बाबतीत महालनोबिसांचं. आज ई-पीक पाहणीच्या अॅपमध्ये शेतात उभं राहून फोटो काढावा लागतो, ठिकाणाची नोंद आपोआप होते. प्रश्न तोच, ऐंशी वर्षं जुना: आकडा भरणारा खरंच शेतात गेला होता का?

यापुढची कारकीर्द खूप मोठी आहे, मी भराभर सांगतो. १९४५ मध्ये रॉयल सोसायटीचे फेलो. १९४९ मध्ये राष्ट्रीय उत्पन्न समितीचे अध्यक्ष, त्या समितीत पुण्याच्या गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळही होते. जानेवारी १९५० मध्ये पुण्याला सायन्स काँग्रेस भरली तिचे अध्यक्ष महालनोबिसच, आणि भाषणाचा विषयही संख्याशास्त्र हवंच कशाला, हा. त्याच वर्षी राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. तिच्या पहिल्या फेरीत १,८३३ गावं निवडली होती, त्यातल्या काही गावांचं काम गोखले संस्थेने केलं. एकमेकांना ताडणाऱ्या नमुन्यांची पद्धत तिथेही आली. पुढे तर केंद्राचा एक नमुना आणि राज्याचा एक नमुना अशी जोडी सुरू झाली, आपल्या राज्यात ते काम अर्थ व सांख्यिकी संचालनालयाकडे असतं. १९५६ च्या दुसऱ्या पंचवार्षिक योजनेचा आराखडा त्यांचा, त्यावर टीकाही भरपूर झाली. भारतातला पहिला डिजिटल कॉम्प्युटर त्यांच्याच संस्थेत आला. १९६८ मध्ये पद्मविभूषण मिळालं. २८ जून १९७२ ला, एकोणऐंशीवा वाढदिवस एका दिवसावर असताना, ते गेले. २००७ पासून २९ जून हा राष्ट्रीय सांख्यिकी दिन म्हणून पाळला जातो.

मग आमच्या फॉर्मचं काय झालं?

आम्ही महालनोबिस अंतर काढलं. सगळ्यात लांब पडलेल्या ठिपक्यांमध्ये बरेच कचरा फॉर्म होते, ते गेले. पण पहिल्या पाचात एक प्रतिसाद असा होता: अंतर ३० किलोमीटर, वेळ अडीच तास, भाडं शून्य. सूत्राच्या हिशोबाने हे नक्कीच खोटं. मी डिलीटवर बोट ठेवलंही होतं. मैत्रिणीने थांबवलं, कारण शेवटच्या प्रश्नाखाली दोन ओळी मराठीत लिहिलेल्या होत्या आणि त्या कॉपी-पेस्ट वाटत नव्हत्या. शोधून काढलं तर ती आमच्याच कॉलेजची दुसऱ्या वर्षाची मुलगी निघाली. तिच्या गावाहून सकाळी बस नाही. वडील दुधाच्या टेम्पोवर ड्रायव्हर आहेत, पहाटे साडेचारला त्यांच्याबरोबर निघते, टेम्पो गावागावात दूध घेत थांबतो, सातला कॉलेजवर पोचते. भाडं खरंच शून्य. पहिली तासिका उशिरा हवी ही मागणी ज्यांच्यासाठी होती, त्यात ती सगळ्यात पुढे. आणि आम्ही तिलाच फ्रॉड म्हणून उडवणार होतो.

उलट १२ किलोमीटर, अर्धा तास, २० रुपये असं लिहिणारे तब्बल साठ-सत्तर जण काकडीच्या पोटात आरामात बसले होते. आता तर एआय वापरून असे गुळगुळीत, एकमेकांशी जुळणारे प्रतिसाद हवे तेवढे तयार करता येतात. त्यांच्यापुढे हे सूत्र एकटं पुरत नाही.

म्हणून आम्ही तो सगळा डेटा बाजूला ठेवला आणि दुसऱ्यांदा प्रोफेसरांच्या पद्धतीने केलं. उघडी लिंक बंद. कॉलेजच्या हजेरीपटावरून चिठ्ठ्या टाकून मुलं निवडली आणि त्यांचे दोन गट पाडले, तेही चिठ्ठ्या टाकूनच. प्रत्येकाला एकदाच चालणारी वेगळी लिंक. एक गट मी बघितला, दुसरा त्या दोघांनी, आणि शेवटपर्यंत एकमेकांचे आकडे बघितले नाहीत. रिचार्जची जाहिरात केली नाही, सगळं तपासून झाल्यावर दिलं. गावाचं नाव आणि पिनकोड फॉर्ममध्ये लांब लांब विचारले, म्हणजे जुळतात का ते कळावं. माणसाला न दिसणारा पण बॉट भरून टाकतो असा एक लपवलेला प्रश्न ठेवला, किती सेकंदांत फॉर्म भरला त्याची नोंद घेतली. आणि नियम केला: महालनोबिस अंतर जास्त आलं म्हणून कुणाला काढायचं नाही, आधी फोन करायचा. फोन नंबर त्यासाठीच घेतला आणि काम झाल्यावर पुसला.

प्रतिसाद आले फक्त १२६. पंचवीस किलोमीटरच्या पलीकडून येणाऱ्यांचं प्रमाण माझ्या गटात शंभरात २२ निघालं, त्यांच्या गटात २५. इतक्या छोट्या गटांत एवढा फरक नशिबाने सहज पडतो. पहिल्या, उघड्या लिंकच्या डेटात हेच प्रमाण शंभरात ६ होतं. म्हणजे तो डेटा घेऊन गेलो असतो तर लांबून येणारी मुलं जवळपास नाहीतच असं आम्हीच सिद्ध करून दिलं असतं.

प्राचार्यांनी दोन्ही गटांचे कागद शेजारी ठेवून बघितले, काही प्रश्न विचारले आणि पहिली तासिका चाळीस मिनिटं पुढे नेली, सध्या एका सत्रापुरती. टेम्पोवाल्या मुलीचं २० रुपयांचं रिचार्ज राहिलं होतं, कारण दुसऱ्या वेळी तिचं नाव चिठ्ठीत निघालंच नाही. ते परवा केलं.